संत्री बघायला गेलेले चौघे

संघाच्या कचेरीत मी सोळा वर्षं काढली. तिथले किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. पण चार मित्र भेटले की कोणी ना कोणी म्हणतंच, "देशकर, ते स्पेनचं सांग रे." मी सांगतो आणि मंडळी हसतात. दर वेळी एखादा विसरलेला किस्सा आठवतो, तोही आधीच्यांत जाऊन बसतो. त्यांना हसू येतं, मला मात्र अजून राग येतो. तेव्हा आज रागासकटच सांगतो. हसायचं त्यांनी हसा.

आमचा संघ म्हणजे नागपूरच्या आसपासच्या संत्रा बागायतदारांचा. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री, संघाचा तांत्रिक सहायक. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. बागांना डिंक्यानं धरलं होतं. बुंध्याची साल फुटते, त्यातून डिंक वाहतो, आणि पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड दोन हंगामांत उभ्या उभ्या वाळतं. स्पेनमधल्या बागायतदारांनीही हे भोगलं होतं, पण त्यांनी बागा सावरल्या होत्या. तिथल्या मंडळींनी आमच्या संघाला बोलावलं. चौघांनी या, पंधरा दिवस राहा, सगळं बघून जा. समुद्रकाठचं लहानसं गाव, मागे डोंगर, मधे सगळ्या संत्र्याच्या बागा. गावाचं नाव आम्ही चौघांनी चार तऱ्हांनी उच्चारलं आणि चारही चुकीच्या निघाल्या, म्हणून ते राहू द्या.

मी यादी केली. तीन जाणकार बागायतदार, आणि रिपोर्ट लिहायला मी.

संघाचे अध्यक्ष अण्णासाहेब. त्यांनी आपली शेती कधीचीच ठेक्यानं देऊन टाकली होती. त्यांनी यादीतली दोन नावं खोडली. एका जागी स्वतःचं घातलं, दुसऱ्या जागी मेहुण्याचं, मधुकररावांचं. मधुकररावांचं इतवारीत कापडाचं दुकान.

मी विचारलं, "अण्णासाहेब, यांना बागायतदार कसं लिहू?"

"त्यांच्या अंगणात लिंबाचं झाड आहे."

"एक झाड?"

"देशकर, तुम्ही शिकलेले ना? लिंबू आणि संत्रं एकाच कुळातलं, हे आता मी तुम्हाला सांगायचं?"

मी 'बागायतदार' असं टाइप केलं. पुढच्या आठवड्यात कागदांवर सही घ्यायला मधुकररावांच्या घरी गेलो. अंगणात झाड होतं खरं. कडुलिंबाचं.

* * *

यादीतलं तिसरं नाव अण्णासाहेबांना खोडता आलं नाही, कारण स्वतः बाग कसणारा निदान एक माणूस हवाच अशी निमंत्रणात अट होती. ते नाव शेषरावांचं. कळमेश्वरच्या पुढे त्यांचं गाव. वय साठीला टेकलेलं, शिक्षण चौथी, धोतर आणि पांढरा सदरा. थंडी म्हणून मी त्यांना माझा जुना कोट दिला होता. तो ते उन्हातसुद्धा काढत नसत, दुसऱ्याची वस्तू हरवेल म्हणून.

तिथे आमची व्यवस्था बघायला पिलार नावाची मुलगी होती. ती स्पॅनिशचं इंग्रजी करी, मी इंग्रजीचं मराठी करी. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, की विसेंते नावाच्या बागायतदारानं तुम्हा सगळ्यांना बागेत जेवायला बोलावलं आहे. संत्र्याच्या लाकडांवर मोठ्या पसरट कढईत भात शिजवणार आहेत. घरचे सगळे सकाळपासून राबताहेत.

अण्णासाहेब म्हणाले, "बागेत मातीत बसून जेवायला आपण काय मजूर आहोत? गावात चांगलं हॉटेल कुठलं, ते हिला विचारा."

पिलारनं समुद्रासमोरचं एक हॉटेल दाखवलं. मेहुणे-मेहुणे तिकडे गेले. पिलारबरोबर शेषराव आणि मी बागेत गेलो. तिथे सात जणांचं टेबल मांडलेलं होतं. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. विसेंतेची बायको त्या खुर्च्यांकडे बघत होती. मी म्हणालो, त्यांची तब्येत बरी नाही.

भातात सशाचं मटण होतं. शेषराव माळकरी. त्यांनी कोणाला काही न सांगता ताटातला नुसता पाव खायला घेतला. विसेंतेच्या ते लक्षात आलं. शेषरावांच्याच वयाचा, बुटका, हाताला घट्टे पडलेला माणूस. तो उठला, लहान कढई आणली, घेवडा आणि केशर घालून वेगळा भात टाकला आणि शिजेपर्यंत स्वतःही जेवला नाही. त्या वेळात तो आम्हाला बाग दाखवत होता.

त्याच्या प्रत्येक झाडाचं कलम जमिनीपासून हातभर उंच बांधलेलं होतं. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, आणि पाण्याचं आळं त्याच्या बाहेर. पाण्याचा थेंब बुंध्याला लागत नव्हता. शेषराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "भाऊ, आमच्या संघाच्या नर्सरीतली कलमं तर मातीलेच टेकून रायतात. कलम बांधला तो डोयाच मातीत असते. अन् वरून आपण बुडाशी पाणी भरतो. आमीच मारून राह्यलो झाडाले."

मी ते विसेंतेला सांगितलं. त्यानं विचारलं, "मग त्या नर्सरीवाल्याला कोणी विचारत नाही?"

नर्सरी अण्णासाहेबांच्या पुतण्याची होती. याचं भाषांतर मी केलं नाही.

* * *

त्या गावात दुपारी दोन ते पाच सगळी दुकानं बंद. माणसं घरी जेवतात आणि झोपतात. हे पिलारनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पण अण्णासाहेबांना खरेदी नेमकी तीन वाजता आठवायची. एका चामड्याच्या वस्तूंच्या दुकानासमोर त्यांनी काठीनं शटर वाजवायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. बनियनवरचा एक माणूस डोकावला.

"याला सांगा, भारतातून शिष्टमंडळ आलं आहे. मी चेअरमन आहे."

मी पिलारला सांगितलं, तिनं वर सांगितलं. त्या माणसानं शांतपणे उत्तर दिलं आणि खिडकी लावून घेतली.

"काय म्हणाला?"

पिलार म्हणाली, "तो म्हणाला, मी झोपलेलो आहे."

पाच वाजता तेच दुकान उघडलं आणि त्यांनी चामड्याचे दोन ओव्हरकोट घेतले. नागपूरच्या माणसानं, फेब्रुवारीच्या शेवटी. मग लाकडी पंखे आले, चिनी मातीच्या बाहुल्या आल्या, बुटांचे जोड आले, आणि एक गिटार, जी दोघांपैकी कोणालाही वाजवता येत नव्हती. रोज संध्याकाळी हॉटेलच्या पलंगावर खरेदी मांडून कुठलं दुकान चांगलं, याची चर्चा चाले. मी वही घेऊन बसलेलो असे. "लिहून घ्या, देशकर. रिपोर्टात लागेल."

मला वाटलं, गंमत करताहेत.

निघायच्या दिवशी सामान जास्त भरलं. विसेंतेनं आमच्या सभासदांसाठी एक पेटी दिली होती. त्यात कलमं बांधायचे चाकू, छाटणीच्या करवती आणि झाडांच्या रोगांची चित्रांची पुस्तकं होती. अण्णासाहेबांनी त्या पेटीकडे बोट दाखवून मला सांगितलं, "हे लोखंड राहू द्या इथेच."

मी वाद घातला नाही. अजून लाज वाटते, पण नाही घातला. शेषरावांनी आपली ट्रंक उघडली. धोतरं, सदरे, पांघरूण, घरून आणलेला तांब्या, सगळं काढून हॉटेलच्या झाडूवाल्या बाईला दिलं आणि त्या जागी पेटीतलं सामान भरलं. तीन विमानं बदलून ते नागपूरला उतरले, तेव्हा त्यांच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज कापडाचा एक तुकडा नव्हता. मधुकररावांनी, कापडाच्या दुकानाच्या मालकानं, त्यांना विचारलं, "शेषराव, तुम्ही काही खरेदी नाही केली?"

* * *

फिरण्याचंही सांगतो. जवळच्या शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता एका मोठ्या चर्चच्या दारात शेतकऱ्यांचं पाण्याचं कोर्ट बसतं. शेकडो वर्षांपासून बसतं म्हणतात. शेषरावांनी पिलारकडून हे ऐकलं आणि धोशा लावला, "मले तेवढं दाखवा."

अण्णासाहेबांनी गुरुवारी समुद्रावर फोटो काढायचं ठरवलं होतं. "शिष्टमंडळ फुटता कामा नये. सगळे समुद्रावर."

शेषरावांनी आयुष्यात इतक्या जवळून समुद्र पाहिला नव्हता. वाळूत उभे राहून त्यांनी बराच वेळ बघितलं. मधुकररावांनी विचारलं, "कसा काय वाटला?"

शेषराव म्हणाले, "येवढं पाणी, अन् एक वाफा भिजत नाई याच्यानं."

मग त्यांनी चपला हातात घेतल्या, रस्त्यावर गेले आणि पिलारला घेऊन शहराच्या बसमध्ये बसले. मला वाटत होतं आपणही उठावं. पण माझ्या गळ्यात अण्णासाहेबांचा कॅमेरा होता. ओव्हरकोट घातलेल्या, गिटार घेतलेल्या, हॅट घातलेल्या त्या दोघांचे मी फोटो काढत बसलो.

संध्याकाळी शेषराव परतले. अण्णासाहेब वाटच बघत होते.

"कोणाच्या परवानगीनं गेला होतात?"

शेषरावांना प्रश्न ऐकूच आला नसावा, इतके ते खुशीत होते. पिलारनं खुणा करून, चित्रं काढून समजावलेलं सगळं सांगू लागले, की काळे सदरे घातलेले आठ शेतकरी गोल करून बसतात. एका माणसानं आपल्या पाळीपेक्षा जास्त वेळ पाणी घेतलं होतं. दोघांचं ऐकलं, आपसात बोलले, निकाल दिला. कागद नाही, शाई नाही, तारीख नाही.

"वकील नव्हता?"

"नाई."

"मग चेअरमन तरी होता की नाही?"

"होता ना. पण तिथं नियम हाय म्हणे, बसणाऱ्यानं आपली जमीन आपण कसाले पायजे. नाई तर बसू देत नाई."

अण्णासाहेबांनी त्या रात्रीपासून परत येईस्तोवर शेषरावांशी शब्द काढला नाही.

* * *

नागपूरला आल्यावर रिपोर्ट. मी अकरा पानं लिहिली होती. कलम किती उंच बांधायचं, आळं कसं करायचं, रोगी झाड मुळासकट कसं जाळायचं, बुंध्याला मलम कसं लावायचं, सगळं आकृत्या काढून. अण्णासाहेबांनी पानं चाळली. "हे सभासदांना समजणार नाही. यातल्या चार ओळी ठेवा. बाकी मी सांगतो."

आणि त्यांनी मला रिपोर्ट सांगितला. कुठल्या हॉटेलात उतरावं. मासे कुठे चांगले मिळतात, आणि शाकाहारी माणसानं काय मागवावं. बाजार किती वाजता उघडतो. चामडं कुठल्या गल्लीत घ्यावं. किल्ल्यावर चढायला कुठला रस्ता बरा. समुद्र कुठून छान दिसतो. ज्यांच्या बागा वाळून चालल्या होत्या त्या माणसांसाठी, त्यांच्याच संघाच्या खर्चानं, हे गुळगुळीत कागदावर फोटोंसह छापलं. शेवटच्या पानावर खाली माझी सही.

वार्षिक सभेत ते वाटलं. टाळ्याही पडल्या. मग बायकांच्या बाजूनं एक बाई उठल्या. उमरेडकडच्या. नवरा गेल्यावर बाग एकट्या सांभाळत होत्या.

"भाऊ, मी पोराकडून आखं पुस्तक वाचून घेतलं. चांगलं लिवलं तुमी. पण मले त्या गावाले जायाचं नाई. माही दोनशे झाडं वायून राह्यली. मले झाडाचं सांगा."

अण्णासाहेब म्हणाले, "पान नंबर चौदा बघा, बाई."

पान चौदावर संत्र्याच्या झाडाशी उभ्या मधुकररावांचा फोटो होता. हातात गिटार.

बाईंनी पान बघितलं, मग शेवटचं पान उघडून विचारलं, "ही सही कोणाची होय?"

मी उभा राहिलो. "माझी."

त्यांनी मला नीट बघून घेतलं. "शिकलेले दिसता," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मला आयुष्यात खूप लोकांनी शिव्या दिल्या आहेत. एकही इतकी लागलेली नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मी कचेरी उघडली, माझ्या अकरा पानांच्या स्टेन्सिली कापल्या आणि सायक्लोस्टाइल मशिनवर निघाल्या तितक्या प्रती काढल्या. हात कोपरापर्यंत काळे झाले. एसटीनं उमरेडला गेलो, तिथून पायी त्या बाईंच्या बागेत. मी निरोप धाडला होता, म्हणून शेषरावही आले होते. चाकू घेऊन त्यांनीच तिथल्या वीस जणांना कलम उंच कसं बांधायचं ते दाखवलं. मी पानं वाटली.

बाईंनी मला पाणी दिलं. पानं चाळून म्हणाल्या, "याच्यावर सही नाई केली?"

मी खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या प्रतीवर सही केली.

आठवड्याच्या आत अण्णासाहेबांनी बोलावलं. "संघाच्या नर्सरीविरुद्ध संघाच्याच मशिनवर पत्रकं छापता?"

"नर्सरीचं नावही नाही त्यात. कलम जमिनीला टेकवू नये, एवढंच लिहिलंय."

"म्हणजे तेच झालं."

तेच झालं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, याचा मला आजही आनंद आहे. त्यांनी माझी बदली कळमेश्वरच्या गोदामावर केली. शिक्षा म्हणून.

* * *

आता विसेंतेचं.

दीड वर्षानं तो नागपूरला आला. कोणी बोलावलं नव्हतं. संघाला पत्र नव्हतं, सत्कार नव्हता, काही नव्हतं. शेषरावांचा पत्ता मी त्याला मराठीत लिहून दिला होता, तो चिठ्ठीचा कागद त्यानं स्टेशनवर एका रिक्षावाल्याला दाखवला, त्यानं एसटी स्टँडवर नेऊन कंडक्टरच्या हवाली केलं, आणि कंडक्टरनं त्याला फाट्यावर उतरवून बैलगाडीत बसवून दिलं. मी गोदामातून धावत पोचलो, तेव्हा दोघं बांधावर बसून भाकरी खात होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मी म्हणालो, काही सांगायचं असेल तर मी आहे. दोघांनीही माझ्याकडे, हा मधेच काय बोलतो, असं बघितलं.

विसेंते आठ दिवस राहिला. पहाटे उठायचा, शेषरावांबरोबर बागेत जायचा. रोगट साल खरवडायची, मलम लावायचं, आळी नव्यानं ओढायची. शेषराव काम करताना तोंडानं बोलत राहणारे. विसेंते त्यांचे शब्द उचलायचा. चौथ्या दिवशी 'पाणी', 'माती', 'इकडं ये गा' इतकं यायला लागलं. सहाव्या दिवशी तो शेषरावांच्या सुनेला "भाकर दे वं" म्हणाला. सून तोंडाला पदर लावून घरात पळाली.

सातव्या दिवशी कोणीतरी नागपुरात बातमी नेली. अकराच्या सुमारास बागेच्या तोंडाशी जीप थांबली. अण्णासाहेब उतरले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मागे हार घेतलेले मधुकरराव, आणि त्यांच्या मागे वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. शेषरावांना त्यांनी बघितलंच नाही. ते सरळ विसेंतेकडे गेले. तो एका झाडाच्या बुडाशी गुडघ्यांवर बसून साल खरवडत होता. अण्णासाहेब त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि पाठ करून आणलेल्या इंग्रजीत, मोठ्या आवाजात, आपल्या संघाच्या आणि त्याच्या गावाच्या जुन्या मैत्रीबद्दल बोलू लागले. फोटोग्राफरनं त्यांना थोडं डावीकडे सरकवलं.

विसेंते ऐकत राहिला. अण्णासाहेबांचं बोलणं संपल्यावर त्यानं चाकू पुसला आणि शेजारच्या झाडाला मलम लावणाऱ्या शेषरावांना विचारलं, "हा कोण होय गा?"

शेषरावांनी ब्रश डब्यात बुडवला, बुंध्यावरून एक हात फिरवला आणि मान वर न करता सांगितलं, "मले नाई माहीत. बागेत कधी पाह्यला नाई."